अंगावर ओरखडा नाही, तरी फुफ्फुस फाटलेलं : ब्लास्ट लंगची पार्श्वभूमी

1 जानेवारी 2023 ला बार्शी तालुक्यात फटाक्याच्या कारखान्यात स्फोट झाला, कामावरच्या बायका गेल्या, ते सोलापुरात कुणी विसरलेलं नाही. शिवाय जिल्ह्यात ठिकठिकाणी साखर कारखाने, म्हणजे बॉयलर आलेच. असं काही झालं की सगळे भाजलेल्यांकडे धावतात, ते बरोबरच आहे, पण जो चालत बाहेर येतो आणि नुसतं कानात शिट्टी वाजतेय म्हणतो त्याला लोक पाणी पाजून घरी पाठवतात, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. स्फोटाच्या दाबाच्या लाटेनं त्याचं फुफ्फुस आतून फाटलेलं असू शकतं, यालाच ब्लास्ट लंग म्हणतात.

डॉक्टरांनाही हे उशिराच उमगलं. पहिल्या महायुद्धात खंदकात सैनिक मेलेले सापडायचे आणि अंगावर जखमच नाही. कुणी म्हणायचं दाब नाकातोंडातून आत शिरतो, कुणी म्हणायचं स्फोटामागची पोकळी फुफ्फुसातली हवा ओढून घेते. 1940 मध्ये ब्रिटनमध्ये सॉली झुकरमन या शास्त्रज्ञानं सशांवर प्रयोग केले, काही सशांच्या अंगाला स्पंज रबर गुंडाळलं, नाकतोंड मात्र उघडं. त्यांची फुफ्फुसं बरीच वाचली, बाकीच्यांच्या फुफ्फुसात रक्तस्राव. म्हणजे मार बसतो तो थेट छातीवर, आणि लाट तिथून आत जाते. आतल्या हवेच्या पिशव्या आणि केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, फाटतात, रक्त हवेच्या जागेत उतरतं, आणि कधी कधी हवाच रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाते.

बंद जागेत तर हे फारच वाईट, कारण लाट भिंतींवर आपटून परत येते. इस्रायलमधल्या बॉम्बस्फोटांचा अभ्यास 1996 मध्ये छापून आला, त्यात उघड्यावर सापडलेल्यांपैकी 7.8 टक्के मेले आणि बसमध्ये सापडलेल्यांपैकी 49 टक्के. फटाक्याच्या खोलीत काय होत असेल बघा.

उपचारात पहिला ऑक्सिजन. एक्सरेत फुलपाखराच्या पंखांसारखे पांढरे डाग दिसू शकतात. सलाइन बेतानं, कारण जास्त झालं की फुफ्फुसात अजून पाणी. फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठून फुफ्फुस दबलं तर छातीत नळी. व्हेंटिलेटर लागलाच तर कमी दाबावर, कारण जोरात हवा भरली तर फाटलेलं अजून फाटतं आणि हवा रक्तात जायचा धोका वाढतो.

आणि कानाचा पडदा शाबूत आहे म्हणून फुफ्फुसही ठीक असेल असं धरायचं नाही, ती जुनी समजूत आता मागे पडलीय. एक्सरे नॉर्मल आला तरी चार ते सहा तास तरी नजरेखाली ठेवायचं. सिव्हिलला नेलं की केसपेपर काढतानाच सांगा, हा स्फोटाच्या वेळी खोलीच्या आत होता.