बक कन्व्हर्टर

जास्त डीसी व्होल्टेजवरून कमी डीसी व्होल्टेज काढणारं स्विचिंग सर्किट, ज्यात मधला फरक उष्णता म्हणून जाळला जात नाही. स्टेप-डाउन कन्व्हर्टर हे याचंच दुसरं नाव. फोन, लॅपटॉप, राउटर, गाडीतला चार्जर, सगळीकडे असतो, त्यामुळे उपयोगांची यादी इथे देत बसत नाही.

गरज एका हिशोबात कळते. ७८०५ सारख्या लिनियर रेग्युलेटरला १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टवर १ अँप घेतला तर लोडला ५ वॅट मिळतात आणि ७ वॅट त्या आयसीतच जळतात, म्हणजे एफिशियन्सी जेमतेम ४२ टक्के आणि वर हीटसिंकचा खर्च. बकमध्ये एक स्विच इनपुट वेगाने चालू-बंद करतो आणि कॉईल व कपॅसिटर त्याची सरासरी आउटपुटला देतात; हा स्विच एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधली अवस्था जवळपास नाहीच, म्हणून नीट केलेल्या डिझाइनला ९० टक्क्यांच्या आसपास जाणं अवघड नसतं.

उगमाबद्दल बराच घोळ आहे. लोकप्रिय लिखाणात स्विचिंग पॉवर सप्लायचं श्रेय १९७७ च्या अ‍ॅपल टू ला आणि त्याचा सप्लाय करणाऱ्या रॉड होल्टला दिलेलं दिसतं, पण एकतर तो फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग सोडणाऱ्या) प्रकारचा होता, बक नव्हे, आणि दुसरं म्हणजे स्विचिंग त्याच्या बरंच आधीपासून वापरात होतं. कार रेडिओत १९३० च्या दशकातच व्हायब्रेटर, म्हणजे यांत्रिक स्विच, वापरत. अपोलो यानाच्या गाइडन्स कॉम्प्युटरमध्ये १९६० च्या दशकात २८ व्होल्टवरून १४ आणि ४ व्होल्ट काढणारे स्विचिंग सप्लाय होते. टेकट्रॉनिक्सच्या ७००० सिरीजच्या ऑसिलोस्कोपमध्येही, साधारण १९७० च्या सुमारास, ते आले. बकची टोपोलॉजी, म्हणजे सर्किटची मांडणी, एका माणसाच्या नावावर टाकण्यापेक्षा डीसीचे तुकडे पाडणाऱ्या जुन्या चॉपर सर्किटची ती पुढची पायरी मानणं जास्त पटतं. स्वस्त आणि सर्वसामान्य मात्र ती कंट्रोलर आयसी (स्विच चालवणारी चिप) आल्यावरच झाली, त्यात १९७० च्या दशकाच्या मध्याला आलेली रॉबर्ट मॅमानो यांची एसजी १५२४ महत्त्वाची.

आता डिझाइन. कॉईलमधला करंट शून्यावर जात नसेल तर आउटपुट म्हणजे इनपुट गुणिले ड्युटी सायकल (प्रत्येक सायकलमध्ये स्विच चालू असण्याचा हिस्सा), इतकं सोपं. १२ वरून ५ व्होल्ट, २ अँप, ५०० किलोहर्ट्झ धरा: ड्युटी सायकल सुमारे ४२ टक्के. रिपल करंट, म्हणजे कॉईलमधल्या करंटचा चढउतार, लोडच्या ३० टक्के, म्हणजे ०.६ अँप ठेवायचा तर कॉईल साधारण १० मायक्रोहेन्रीची लागते आणि पीक करंट २.३ अँप होतो. कॉईलचं सॅच्युरेशन रेटिंग (ज्या करंटपुढे तिचा इंडक्टन्स घसरतो तो आकडा) या पीकच्याच नव्हे तर आयसीच्या करंट लिमिटच्याही वर हवं, नाहीतर शॉर्टच्या वेळी इंडक्टन्स कोसळतो आणि करंट सुसाट चढतो.

आउटपुटला २२ मायक्रोफॅरड सिरॅमिक लावला तर कागदावर रिपल ७ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, मग एवढ्यावर थांबावं असं वाटतं, पण एक्स५आर, एक्स७आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरचा कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज पडलं की घटतो, लहान साइजमध्ये तर निम्म्याहून खाली जाऊ शकतो, शिवाय लोड अचानक वाढला तर व्होल्टेज किती बसतं हे वेगळंच, आणि बऱ्याचदा कपॅसिटर त्यावरूनच ठरतो. इनपुट कपॅसिटरकडे लोक दुर्लक्ष करतात. त्याला लोडच्या जवळपास निम्मा आरएमएस करंट सोसावा लागतो, वरच्या उदाहरणात १ अँप.

स्विच बंद असताना कॉईलचा करंट ज्यातून फिरतो तो डायोड शॉटकी (कमी ड्रॉपचा) असला तरी ०.४ व्होल्ट ड्रॉपला इथे अर्ध्या वॅटच्या आसपास खातो. म्हणून त्याच्या जागी दुसरा मॉस्फेट (स्विच म्हणून वापरायचा ट्रान्झिस्टर), म्हणजेच सिंक्रोनस बक. फक्त दोन्ही मॉस्फेट एकाच वेळी चालू झाले तर इनपुट थेट शॉर्ट होतं, त्यामुळे मध्ये दोन्ही बंद असण्याचा छोटा वेळ, डेड टाइम, ठेवतात.

कंट्रोल लूपच्या, म्हणजे आउटपुट बघून ड्युटी सायकल सावरणाऱ्या व्यवस्थेच्या, विश्लेषणाचा पाया मिडलब्रुक आणि चुक यांच्या १९७६ च्या, एका सायकलची सरासरी घेऊन सर्किटचं वागणं मांडणाऱ्या स्टेट-स्पेस अ‍ॅव्हरेजिंगने घातला. बकमध्ये बूस्टसारखा (व्होल्टेज वाढवणाऱ्या कन्व्हर्टरसारखा) उजव्या अर्धप्रतलातला झीरो, म्हणजे आउटपुट आधी उलट दिशेला हलवणारा गुण, नसतो, त्यामुळे लूप स्थिर करणं तुलनेने सोपं. पीक करंट मोडमध्ये (कॉईलचा करंट ठरलेल्या पीकला पोचला की स्विच बंद करण्याच्या पद्धतीत) मात्र ड्युटी सायकल ५० टक्क्यांच्या वर गेली की सबहार्मोनिक ऑसिलेशन, म्हणजे एक पल्स लांब एक आखूड असा डळमळाट, सुरू होतं, त्यावर स्लोप कॉम्पेन्सेशन (करंटच्या तुलनेत एक उतार मिसळणं) द्यावंच लागतं. क्रॉसओव्हर (लूपचा गेन जिथे एकवर येतो ती फ्रिक्वेन्सी) स्विचिंग फ्रिक्वेन्सीच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्यात ठेवायचा रिवाज आहे.

लेआउटमध्ये एक गोष्ट सगळ्यात आधी: इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच आणि डायोड किंवा खालचा स्विच यांचा लूप जितका लहान करता येईल तितका करायचा, कारण करंटचे झटके तिथेच बसतात आणि नॉइजही तिथूनच पसरतो. आउटपुट मोजणारा फीडबॅकचा ट्रॅक कॉईलपासून आणि स्विच नोडपासून (स्विच आणि कॉईल जुळतात त्या बिंदूपासून) लांब. गाड्यांतल्या आयसी बऱ्याचदा २.१ मेगाहर्ट्झच्या आसपास चालवतात, त्याचं कारण एएम रेडिओचा पट्टा त्याच्या खाली संपतो, म्हणजे स्विचिंगचा नॉइज रेडिओत येत नाही.