प्रातिनिधिक संग्रह

अनेकांच्या किंवा एकाच लेखकाच्या साहित्यातून निवड करून सिद्ध केलेले पुस्तक. यासाठी जुना मराठी शब्द ‘वेचे’. परशुराम तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ (१८५४) हे जुन्या कवितेच्या वेच्यांचेच पुस्तक. ‘समग्र’मध्ये सगळे घ्यायचे असते, इथे सोडायचे काय, हा खरा प्रश्न.

नाशिककरांना या प्रकाराचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांत ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत, त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथा सप्तशती’ आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांत गोदावरी ‘गोला’ नावाने भेटते. कोटी गाथांतून सातशे निवडल्याचे संग्रहातच सांगितले आहे. कोटीचा आकडा फुगवलेला असणार, पण ढीग उपसल्याचा शीण त्यात खरा वाटतो. पुढच्या हातांनी गाथा घातल्या, काढल्या. सर्व पाठपरंपरांत, म्हणजे हस्तलिखितांच्या वेगवेगळ्या शाखांत, समान अशा गाथा जेमतेम ४३० भरतात.

निवड झाली तरी पाठ ठरवणे उरतेच. कविता मासिकात एक असते, संग्रहात थोडी वेगळी, पुढच्या आवृत्तीत कधी एक कडवे गळालेले. म्हणून १८४०पासूनच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे ‘नाहीं’, ‘घरीं’ यांवरचे अनुस्वार ठेवायचे की काढायचे, हे प्रस्तावनेत एकदाच सांगून टाकावे. वृत्तबद्ध कवितेत मात्र हात आखडता घ्यावा. कवीने मात्रेसाठी लिहिलेला ‘कवि’ मुद्रितशोधकाने ‘कवी’ केला, की लघूचा गुरू होतो आणि ओळ लंगडते.

कवीच्या कवितांची निवड दुसऱ्याने केलेली बरी. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांचा ‘रसयात्रा’ हा संग्रह बा. भ. बोरकर आणि शंकर वैद्य यांनी संपादित केला. सहभागी कवींकडून पैसे घेऊन निघणारे ‘प्रातिनिधिक’ संग्रहही बरेच आहेत. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कविता त्यांत येते; त्याला फार तर संकलन म्हणावे.

परवानगीचा हिशेब भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या साठ वर्षांचा. स्वातंत्र्यकवी गोविंद १९२६ साली वारले, त्यांच्या कविता कोणीही घ्याव्यात. कुसुमाग्रज गेले १९९९ साली. त्यांच्या एका कवितेसाठीही २०५९ अखेरपर्यंत हक्कधारकांना पत्र लिहावे लागते.