पार्श्वभूमी : इगतपुरीचा पाऊस आणि पेठचे कोरडे झिरे

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. तरी होळी सरली की टँकरची वाट बघणारे पाडे असतात ते धो-धो पावसाच्याच पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतले. चार महिने चिखल तुडवायचा आणि वैशाखात झिऱ्याशी, म्हणजे पाणी पाझरतं त्या खड्ड्याशी, बसून वाटी-वाटीनं हंडा भरायचा. हे कोडं दीडशे वर्षांत घडत आलंय.

जंगलतोडीच्या परिणामांचा विषय निघाला की आपलं बोट ॲमेझॉनकडे जातं, आणि ते चूक नाही. तिथली झाडं जमिनीतलं पाणी ओढून वाफेच्या रूपात हवेत सोडतात आणि तीच वाफ पुढं पुन्हा पाऊस होऊन पडते. त्या खोऱ्यातला बराच पाऊस असा जंगलानंच फिरवलेला असतो, हे १९७०च्या दशकात ब्राझीलमधल्या संशोधनातून पुढं आलं. नेमक्या त्याच दशकात तिथल्या सरकारनं जंगल चिरत महामार्ग नेला. रस्त्यामागून लाकूडवाले आले, मग गुरांची कुरणं, मग सोयाबीन. सहाव्या हिश्श्याच्या आसपास जंगल गेलं. आधी वाट, मग कुऱ्हाड, हा क्रम ध्यानात ठेवावा. आपल्याकडे रस्त्याच्या जागी रूळ होते, एवढाच फरक.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी : नाशिककडचं रान म्हणजे वर्षावन नव्हे. अस्सल सदाहरित जंगल सह्याद्रीत भीमाशंकरपासून खाली दक्षिणेला. आमच्याकडे साग, ऐन, खैर, हिरडा यांचं पानझडी रान आणि ओलाव्याच्या घळींत, देवरायांत आंबा-जांभळाचे हिरवे पट्टे. पण पाणी धरून ठेवण्याचं काम तेही करायचं.

मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. कोकणातलं रान तुटल्यानं खाड्या गाळानं भरताहेत, हे त्यांनी तेव्हाच सरकारच्या कानी घातलं होतं. म्हणजे परिणाम ठाऊक नव्हते असं म्हणायची सोय नाही. पुढं रेल्वे आली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे, अजूनही बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारं बँकर इंजिन लावावं लागतं. मैलभर रुळाला खाली आडवे टाकायचे पावणेदोन हजारांच्या आसपास स्लीपर लागायचे आणि लाकडी स्लीपर काही वर्षांत कुजायचे. शिवाय कोळसा मुबलक होईपर्यंत देशात इंजिनांच्या भट्टीतही सरपणच जाई.

लाकूड हवं म्हटल्यावर रानावर मालकी हवी. १८६५चा आणि नंतरचा कडक असा १८७८चा वन कायदा त्यातून आला. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर ही माणसं पिढ्यानपिढ्याच्या रानात गुन्हेगार ठरली. ठपका आला राबावर. नागली-वरईच्या रोपांसाठी झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण वाफ्यावर पसरून जाळायचं, तो राब. राब अगदी निर्दोष, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी फांद्या छाटलेलं झाड खुरटतंच. पण छाटलेलं झाड पुन्हा फुटतं, तोडून घाटाखाली नेलेलं फुटत नाही. साहेबाच्या कागदात दोन्हींचं नाव मात्र ‘नुकसान’.

स्वातंत्र्यानंतर कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले रानाचे तुकडे, पडत राहिले, जंगल कामगार सोसायट्या आल्या, धरणं झाली, लोकसंख्या वाढली. अलीकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर रिसॉर्ट आणि फार्महाऊस उठले, ते वेगळंच.

आता कोरड्या झिऱ्याकडे. इथला खडक बेसाल्ट. भेगा सोडल्या तर त्यात पाणी फारसं मुरत नाही. पाणी धरायचं ते वरच्या पातळ मातीनं, पालापाचोळ्यानं आणि मुळांनी. झाड गेलं की काही पावसाळ्यांत ती मातीही निघून जाते, उरतो काळा कातळ. मग पेठ-सुरगाण्याचा पाऊस नार, पार, दमणगंगेतून तडक अरबी समुद्राला आणि पूर्वेकडची माती गोदावरीत. नाशिकजवळ गोदावरीवरच्या गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. हल्ली पाणीसाठ्याच्या बातमीत आकडा येतो ५,६३०. मधला फरक गाळाचा. सगळा गाळ जंगलतोडीचाच नाही, नांगरट आणि बांधकामांचाही आहे, पण उतारावर मुळं असती तर तो इतका आला नसता.

पाण्यापलीकडे गेलं ते मोजताही येत नाही. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. तिची शास्त्रीय नोंद झाली २००६ साली. म्हणजे ज्या डोंगरावर माणसं शतकानुशतकं चढताहेत, तिथलं एक रोप आपल्याला काल-परवा कळलं. तुटलेल्या उतारांवर काय होतं, कुणास ठाऊक.

राखीव जंगलाच्या त्या रेषेचा वाद अजून संपलेला नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानं कसणाऱ्याला दावा करता आला, पण दावे रखडले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. सुमारे १८० किलोमीटर, रस्ता कसारा घाटाचाच. वनजमिनीचे दावे ही त्यातली मोठी मागणी. लेखी आश्वासन मिळालं. २०१९ आणि २०२३ मध्ये माणसं पुन्हा चालत निघाली.