सुपर ८चं कार्ट्रिज आलं कुठून?

फिल्मवर काहीतरी शूट करून बघायचं म्हटलं, की नवख्याच्या हाती बहुधा सुपर ८चं, म्हणजे ८ मिमी रुंद फिल्मचं, कार्ट्रिज पडतं: कॅमेऱ्यात तशीच बसवायची बंद डबी. आत ५० फूट फिल्म. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगानं ३ मिनिटं २० सेकंद चालते, संपली की धुवायला टाकायची. फिल्मला बोट लावायचीही वेळ येत नाही. घरगुती सिनेमाला इथवर यायला चाळीसेक वर्षं लागली.

सुरुवातीला अडचण होती आगीची. थिएटरातली ३५ मिमी फिल्म नायट्रेटची. पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहणारी. असलं काही दिवाणखान्यात कोण आणू देणार? म्हणून १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथेनं ९.५ मिमी आणि १९२३ मध्ये कोडॅकनं १६ मिमी फिल्म काढली ती सहजी न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर. सोळाच का, याचंही कारण सांगतात: ३५ मिमी मधोमध चिरली की साडेसतरा होते. तो आकार ठेवला असता, तर नायट्रेट चिरून विकणारे निघालेच असते.

पाथेची काटकसर मात्र मला फार आवडते. मूकपटातली मजकुराची पाटी दाखवायची असेल तिथं फिल्मच्या कडेला खाच. खाच आली की प्रोजेक्टर ती एकच फ्रेम काही सेकंद धरून ठेवी. पाटी वाचून होई, फूटभर फिल्म वाचे.

कोडॅकचा कॅमेरा, प्रोजेक्टर, पडदा असा संच ३३५ डॉलरला होता, म्हणजे श्रीमंतांचाच खेळ. मग मंदी आली आणि १९३२ मध्ये ८ मिमी. तीही खरं तर १६ मिमीच! २५ फुटांचं रीळ आधी अर्ध्या रुंदीत शूट करायचं, मग सावलीत जाऊन कॅमेरा उघडायचा, रीळ उलटून लावायचं आणि उरलेला अर्धा भाग वापरायचा. लॅबवाले धुऊन, उभी चिरून, जोडून ५० फूट परत देत. उलटवलेलं रीळ विसरून पुन्हा चढवलं, की बाळाच्या पाळण्यावरून समुद्राच्या लाटा. केनेडींच्या हत्येचं अब्राहम झाप्रुडर यांनी टिपलेलं २६ सेकंदांचं चित्रण याच ८ मिमीवरचं.

ही उलटापालट १९६५ मध्ये सुपर ८च्या कार्ट्रिजनं संपवली. फिल्म पुढे सरकवण्यासाठी कडेला असलेली भोकं लहान केल्यामुळे फ्रेमचं क्षेत्रफळही जवळपास दीडपट झालं. १९७३ मध्ये आवाज आला, पुढे व्हिडिओ कॅमेऱ्यानं बाजार खाल्ला. कोडॅकनं २०१६ मध्ये जाहीर केलेला नवा सुपर ८ कॅमेरा विक्रीला आला २०२३ च्या डिसेंबरात, ५,४९५ डॉलरला. साहजिकच नवखा माणूस सत्तरच्या दशकातला जुना कॅमेराच शोधतो.

आणि तिथं पुन्हा एक खाच आडवी येते. कार्ट्रिजच्या कडेची खाच चाचपून कॅमेरा फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते, ओळखतो, पण तेव्हाच्या बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांना ४० आणि १६० एवढेच आकडे कळतात. आजची २०० ची निगेटिव्ह ते १६० समजतात. प्रकाश किंचित जास्त पडतो, तो तिला चालतो. १०० ची एक्टाक्रोम, म्हणजे धुतल्यावर थेट पडद्यावर दाखवता येणारी कोडॅकची फिल्म, मात्र असली चूक फारशी खपवून घेत नाही. म्हणून कॅमेरा घेण्याआधी विक्रेत्याला लेन्सबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा, की याला कुठले वेग वाचता येतात.