गोळी तीच, मात्रा वेगळी

मधुमेहामुळे तळपायांची सतत आग होणाऱ्या रुग्णाला डॉक्टर रात्री घेण्यासाठी अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. घरातले कोणीतरी मोबाइलवर तिचे नाव शोधते, ‘नैराश्यावरील औषध’ असे वाचते आणि गोळी त्याच दिवशी बंद होते. याच्या उलट, खरोखर नैराश्य असलेला रुग्ण कधीकधी तेवढ्याच १० मिलिग्रॅमवर महिनोन्‌महिने राहतो आणि औषध लागू पडत नाही, अशी तक्रार करतो. दोन्हीकडे मात्रेचा अर्थ लक्षात घेतलेला नसतो.

अमिट्रिप्टिलिन ज्या गटातले, त्यातील औषधांच्या रेणूत तीन कडी एकमेकांना जोडलेली असल्यामुळे त्या गटाला ट्रायसायक्लिक म्हणतात. गटातील पहिले औषध इमिप्रामिन. रोलांड कून या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी ते आधी स्किझोफ्रेनियावर वापरून पाहिले. तिथे ते निरुपयोगी ठरले, पण नैराश्याच्या रुग्णांत सुधारणा दिसली आणि १९५७ मध्ये त्यांनी ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. अमिट्रिप्टिलिन त्यानंतरचे; अमेरिकेत त्याला १९६१ मध्ये मान्यता मिळाली.

मज्जापेशींनी सोडलेले सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन त्या पेशींत परत शोषले जाऊ नये, हे या औषधाचे मुख्य काम. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे आणि वेदनेचे संदेश दाबणारे मार्ग याच रसायनांवर चालतात, म्हणून नसांच्या दुखण्यात आणि मायग्रेन टाळण्यासाठी कमी मात्राही उपयोगी पडते. वेदनेसाठी साधारणपणे रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, गरजेनुसार आणि सोसेल तसे, २५ ते ७५ मिलिग्रॅमपर्यंत जातात. नैराश्यात प्रौढांना बहुधा दिवसाला ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतात आणि तिथपर्यंतही टप्प्याटप्प्यानेच पोचावे लागते. वयस्करांसाठी हे सगळेच आकडे खाली येतात.

ही सावकाशी आवश्यक असते, कारण हे औषध शरीरातील हिस्टामिन आणि अॅसिटिलकोलिन या रसायनांचे कामही अडवते. त्यातूनच झोपाळूपणा, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, धूसर दिसणे, लघवी अडखळणे आणि वजन वाढणे हे त्रास होतात. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्करही येते. पहिल्या आठवड्यांत गाडी चालवताना जपावे आणि दारू टाळावी. सकाळी सुस्ती राहत असेल, तर गोळी झोपण्याच्या एक-दोन तास आधी घेण्याचा सल्ला दिला जातो. गंमत अशी की नको असलेले हे परिणाम पहिल्याच रात्री जाणवू लागतात, मनःस्थितीतील सुधारणा मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसते, त्यामुळे औषध सोडून देण्याचा मोह नेमक्या चुकीच्या वेळी होतो.

एकाच मात्रेने सर्वांच्या रक्तात सारखीच पातळी येत नाही. यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइम) अमिट्रिप्टिलिनचे नॉरट्रिप्टिलिन होते आणि पुढे त्याचा निचरा होतो, त्यांचा वेग जनुकांनुसार बदलतो. शिवाय फ्लुऑक्सेटिनसारखे औषध त्यांपैकी एका विकराला रोखते आणि पातळी नकळत वाढते. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी सोबत घेतल्यास सेरोटोनिन जादा होण्याचा आणि झटके येण्याचा धोका असतो. म्हणून शेजाऱ्याला मानवलेली मात्रा आपल्याला मानवेलच, असे गृहीत धरू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास हे औषध देत नाहीत. काचबिंदू, वाढलेले प्रोस्टेट, फिट येणे किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. द्विध्रुवीय विकारात या औषधाने रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो.

एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. बरे वाटू लागल्यावरही नैराश्यातील उपचार सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात आणि नंतर मात्रा काही आठवड्यांत उतरवत नेतात. एकाएकी थांबवल्यास मळमळ, डोकेदुखी, बेचैनी आणि झोपमोड होते. हे व्यसन नव्हे, शरीराला झालेल्या सवयीचा तो परिणाम असतो.

या गटाचा खरा धोका अतिमात्रेत आहे. हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग बंद पडून ठोक्यांची लय बिघडते आणि प्रकृती काही तासांतच ढासळू शकते, म्हणून जादा गोळ्या पोटात गेल्याचा नुसता संशय असला, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार असल्यास डॉक्टर एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या देतात आणि पाकीट घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे ठेवायला सांगतात. उपचाराच्या सुरुवातीला आणि मात्रा बदलताना, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, असे विचार वाढू शकतात. त्या काळात वागण्यातला बदल लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावा.