कप्पीसंच (जड ओझी उचलण्यासाठी)

दोर, तार किंवा साखळी एका वा अनेक चाकांवरून फिरवून ओझे उचलण्याची रचना. विहिरीवरच्या एकेरी स्थिर कप्पीने जोर वाचत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. शिवाय १०० किलो तोलायला दोर १०० किलोने ओढावा लागतो, म्हणजे वरच्या हुकावर २०० किलो येतात. तुळई निवडताना हाच आकडा धरावा.

वर दोन आणि खाली दोन चाकांच्या जोडीत ओझे दोराच्या चार पदरांवर वाटले जाते. हिशेबाने जोर चौथाई लागतो आणि १ मीटर उचलायला ४ मीटर दोर ओढावा लागतो. प्रत्यक्षात साध्या बुशच्या चाकामागे सुमारे १० टक्के जोर घर्षणात जातो, त्यामुळे ४०० किलोसाठी १०० नव्हे, १३० किलो लागतात. बेअरिंगची चाके असली तर घट बरीच कमी होते. पोलादी तारेसाठी चाक तारेच्या जाडीच्या निदान १८-२० पट हवे. लहान चाकावर तारेचे धागे वाकून वाकून तुटतात.

मात्र निवडीत जोराच्याही आधी पाहायचे ते हे, की ओझे मध्येच अधांतरी थांबवावे लागेल का. बोअरमधली मोटर काढताना ते हमखास लागते. ३२ मिमीचे ६ मीटरी दहा लोखंडी पाइप सुमारे १९० किलो भरतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे (पाणी मागे न सोडणाऱ्या झडपेमुळे) आत अडकलेले पाणी ६० किलो. मोटर, पंप आणि केबल धरून एकूण ३०० किलोंच्या आसपास. दर पाइपला थांबून केसिंगवर (बोअरच्या तोंडाशी असलेल्या पाइपवर) क्लॅम्प आवळायचा, मग जोड खोलायचा. इथे दोराची कप्पी नकोच; हात सुटला की सगळे खाली. १ टनाचा चेन ब्लॉक (हाताने ओढायच्या साखळीचा कप्पीसंच) घ्यावा. त्याचा ब्रेक साखळी सोडली तरी ओझे धरून ठेवतो. त्याची उचल बहुधा ३ मीटरच असते, म्हणून एक पाइप दोन खेपांत वर घ्यावा लागतो.

१ टनाच्या ब्लॉकची हातसाखळी एकट्याने ओढली जात नसेल, तर दुसरा माणूस लावू नये. पंप गाळात रुतलेला असतो आणि ब्लॉकवर पाइपांच्या वजनाच्या कितीतरी पट ताण आलेला असतो. ब्रेकच्या कोरड्या चकत्यांना तेल लागले की ओझे घसरते. तेल फक्त भारसाखळीला (ओझे लटकते त्या साखळीला) द्यावे. हुकाचे तोंड फाकलेले दिसले तर तो ठोकून सरळ करू नये, बदलावा. हातचलित चेन ब्लॉकसाठी आयएस ३८३२ हे भारतीय मानक आहे. ब्लॉकवर सुरक्षित भार कोरलेला नसेल तर तो घेऊ नये.