दडवलंय की अडवलंय? माहिती अधिकार आणि सेवा हक्क यांतला फरक

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयात अडकला की हमखास एक सल्ला मिळतो : "माहिती अधिकार टाका." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज जातो. महिन्याभराने उत्तर येतं, "आपले प्रकरण कार्यवाहीत आहे." दाखला होता तिथेच राहतो, प्रवेशाची तारीख मात्र निघून जाते. मग माणूस म्हणतो, या कायद्यात काही राम नाही. कायदा चांगलाच आहे, पण तो दाखला मिळवून देण्यासाठी केलेलाच नाही.

सरकारी कचेरीतला भ्रष्टाचार दोन गोष्टींवर पोसतो : दडवणूक आणि अडवणूक. रस्त्यावर न पडलेली खडी मोजमाप पुस्तकात चढते, कामावर न आलेल्या मजुरांची नावं हजेरीपटावर लागतात, ही दडवणूक. पैसा सगळ्यांचा जातो आणि कळत कोणालाच नाही. अडवणुकीत लपवलेलं काहीच नसतं. काम तुमच्या हक्काचं, कागद पूर्ण, तरी संचिका (फाइल) हलत नाही. पहिल्या दुखण्यावर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आहे आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015.

दोन्ही कायद्यांचा उगमही वेगळा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावागावांत जनसुनावण्या घेऊन हजेरीपट मोठ्याने वाचायला लावले. 1996 मध्ये ब्यावरला धरणं झालं, आणि त्या लढ्यातून माहितीचा हक्क पुढे आला. महाराष्ट्राने 2002 मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. सेवेची हमी देणारा कायदा प्रथम मध्य प्रदेशाने 2010 मध्ये केला, आपल्याकडे तो 2015 मध्ये आला.

माहिती अधिकारात मिळतो तो कागद. जे अभिलेखात आहे त्याचीच प्रत मिळते. अधिकाऱ्याने खुलासा करावा, मत द्यावं किंवा नवा तक्ता बनवावा असं बंधन नाही. म्हणून "माझी फेरफार नोंद अजून का झाली नाही?" हा प्रश्न पहिल्याच फटक्यात बाद होतो. त्याऐवजी असं लिहावं : "अमुक दिनांकाच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत, आवक नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत आणि संबंधित कर्मचाऱ्याच्या कार्यविवरण नोंदवहीची या काळातील पाने द्यावीत." महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. उत्तराला मुदत 30 दिवस, छायांकित प्रतीला पानामागे 2 रुपये. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा निघाला तर कलम 6(3) नुसार पाच दिवसांत त्यांनीच तो पुढे पाठवायचा असतो, "तिकडे जा" म्हणून परत करायचा नसतो. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. रोज 250 रुपये, कमाल 25,000 असा दंड आहे खरा, पण तो फक्त आयोगच लावू शकतो आणि तिथपर्यंत पोचायला फार वेळ जातो.

सेवा हक्कात मिळते ती सेवा, आणि तीही अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, यादीत असेल तरच. यादी, प्रत्येक सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (ज्याच्यावर ती सेवा देण्याची जबाबदारी आहे तो) आणि दोन्ही अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

खरी मेख पोचेत आहे. मुदतीचं घड्याळ परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून चालतं, म्हणून अडवणारा माणूस अर्ज "घेतच" नाही. "झेरॉक्स पुसट आहे, उद्या या." सगळं तोंडी. कागदावर काहीच नाही, त्यामुळे घड्याळ सुरूच होत नाही. यावर उपाय एकच : अर्ज राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवर भरा किंवा आवक शिक्का मारून घ्या, अर्ज क्रमांक घ्या आणि त्रुटी असेल तर ती लेखी मागा. नकारही कारणासह लेखीच द्यावा लागतो.

मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील. त्याचा निकाल 30 दिवसांत लागायचा असतो. मग दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. इथे दंड 500 ते 5,000 रुपये, म्हणजे माहिती अधिकारापेक्षा कमी. तरी आम्हाला तो जास्त परिणामकारक वाटतो, कारण तो पहिल्या अपिलातच लागू शकतो आणि लाचेच्या अर्थकारणाच्या मुळावर येतो. मजुराचा एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. असे चार हेलपाटे झाले की टेबलाखालचे पाचशे रुपये त्याला स्वस्त वाटू लागतात. विलंबाचा सगळा खर्च नागरिकावर पडतो म्हणूनच विलंबाला बाजारभाव येतो. सेवा हक्क तो खर्च अधिकाऱ्याच्या पगारावर टाकतो.

सेवा यादीत नसेल तर हा रस्ता बंद, आणि नेमका तिथे माहिती अधिकार कामाला येतो. महाराष्ट्रात 2005 चा आणखी एक कायदा आहे, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे संचिका साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं तो सांगतो. टिपणी आणि नोंदवहीच्या प्रतींवरून ती कोणाकडे किती दिवस पडून होती ते तारखांनिशी दिसतं. त्या प्रती जोडून वरिष्ठांकडे तक्रार करा.

कोणी थेट पैसेच मागितले तर या दोन्हींत वेळ घालवू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग सापळा लागतो. पैसे देऊन मग तक्रार करू म्हणणाऱ्यांनी 2018 ची दुरुस्ती लक्षात ठेवावी : आता लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच संरक्षण मिळतं.